पांढऱ्या कुत्र्याची आंघोळ

कुणावर पटकन विश्वास टाकायचा माझा स्वभाव नाही. दूधवाल्याच्या मापात मी आधी पाणी बघते आणि मग दूध. त्यामुळं आमच्या कुत्र्याच्या मानेवर लाल चट्टे उठले तेव्हा ते आपोआप उठले असतील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कुणीतरी काहीतरी करत होतं, एवढं नक्की. कोण, ते शोधायचं होतं.

बीदरच्या बाहेर कोळारला कारखाने नवे नवे उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. माझा नवरा तिथं कामाला होता. त्याच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपलं पामेरियन कुत्रं त्याच्या हातात ठेवलं. पांढरंशुभ्र, मांडीवर मावेल एवढं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाक मुरडलं. "हे लोकरीचं बोचकं काय राखण करतंय?" म्हणाले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, भाकऱ्या थापत होत्या. पण संध्याकाळी त्यांनी भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून गुपचूप त्याच्यापुढं सरकवला, तो मी पाहिला.

आंघोळीचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच रविवारी मी त्याला मोरीतल्या दगडावर बसवून कपड्याच्या साबणानं खसाखसा धुतलं, आणि ते अंग खाजवून खाजवून बेजार झालं. जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. म्हशींच्या रांगेत ह्याला कडेवर घेऊन उभं राहायची मला भारी लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, कातडं नाजूक आहे, साबण सोसत नाही. कोमट पाणी घ्या, थोडं डाळीचं पीठ लावा आणि केस उलटे फिरवून मुळापर्यंत कोरडे करा, ओल राहू देऊ नका. तसंच करत गेले. नवऱ्याच्या जुन्या कंगव्यानं विंचरायची. अंग बरं झालं, कापसासारखे केस फुलले, आणि गल्लीतलं येणारं-जाणारं थांबून बघायला लागलं.

आणि मग हे मानेचं सुरू झालं. आधी लाल, मग फोड, मग त्यातून पाणी. गंमत म्हणजे आंघोळ घातली की वाढायचं आणि छातीकडं उतरायचं.

पहिला संशय पिठावर. वाण्यानं डाळीत लाखेची डाळ मिसळली असणार म्हणून मी दुकान बदललं, घरी डाळ दळली. काही फरक नाही. दुसरा संशय शेजारणीवर. तिच्या कोंबड्यांमागं हे भुंकत धावायचं आणि तिच्या दारात फिनेलची बाटली असायची. वर तिचं तोंड गोड. "अक्का, कित्ती गोरं गं हे! नजर लागंल एखांद्याची." एवढं कौतुक करणाऱ्या बाईच्या पोटात काहीतरी असतंच, असं माझं मत. मी तांदूळ निवडायच्या निमित्तानं खिडकीत बसून तिच्यावर पाळत ठेवली. कुत्र्याला दगड मारायचं तर सोडाच, ती त्याला उरलेला भात घालत होती. त्यानं माझा संशय आणखी वाढला.

तेवढ्यात मामांनी निकाल दिला. "खरूज हाय ही. लागट असतीया. रविवारी चिंताकी गावचा भाचा यायलाय, त्याच्यासंगट शेतावर धाडून देऊ." शेतावर भाच्याची दांडगी कुत्री होती. त्यांच्यात हे चार दिवस टिकलं नसतं. मी रडकुंडीला आले, नवऱ्याला मध्ये घातलं, पण मामा एकदा बोलले की बोलले.

त्यांचा हा करारीपणा जुना. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देवांचे टाक, गंडे, दोरे सगळं एका फडक्यात बांधून मांजरा नदीत सोडलं होतं. दाराला लिंबू-मिरची तर लांबच, आजारी माणसावरून मीठ ओवाळलेलंही त्यांना चालत नसे. आत्याबाईंनी कधी उलट शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच त्यांच्याकडं माझं लक्ष उशिरा गेलं. कुत्र्याचा पट्टा त्यांनीच जुन्या सतरंजीच्या काठाचा शिवला होता. आंघोळीला मी तो काढायला गेले की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं, काढू नको, पळून जाईल." ओल्या अंगानं दगडावर थरथरणारं ते कुठं पळणार होतं? पण मी ऐकत गेले. मग शनिवारी त्या मला दाराआड दिसल्या. खोबरं चावत होत्या, गिळत नव्हत्या. चावलेलं खोबरं बोटांना चोळलं आणि हात पदराखाली घेतला.

आमच्याकडं खोबरं चावून कातडीला लावतात ते बिब्बा उतल्यावर. बिब्ब्याचं तेल ज्याला सोसत नाही त्याला भाजल्यासारखे फोड येतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामांच्या मनात कुत्रं नको, म्हणून ही बाई त्याला बिब्बा चोळतीय! मी रागानं लाल झाले. कुत्र्याला दगडावर घेतलं, ब्लेडनं पट्ट्याची शिवण उसवली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा होता. दर रविवारी माझ्याच कोमट पाण्यानं त्याचं तेल पाझरत होतं.

"कामून केलंत हे आत्याबाई? घालवायचं व्हतं तर सरळ बोलायचं."

"घालवायला न्हाई गं," त्या म्हणाल्या, "ठिवायला."

त्यांनी मामा बाहेर गेल्याची खात्री केली. "सगळे यायलेत, कित्ती गोरं, कित्ती गोरं म्हणायलेत. नजर लागंल म्हून बांधला. माझं पयलं लेकरू बी असंच गोरं व्हतं. ह्यांनी दीक्षा घेतली अन् त्याच्या गळ्यातला बिब्बा म्या माझ्या हातानं काढला. त्याच पावसाळ्यात गेलं ते."

माझ्या नवऱ्याच्या आधी एक मूल होतं हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ह्या घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी काहीतरी समजावायला गेले तर म्हणाल्या, "तापानं गेलं, ठावं हाय मला. पर काढला तर मीच न्हवं?"

आता मामांना सांगितलं तर कुत्रं वाचणार होतं आणि आत्याबाई उघड्या पडणार होत्या. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही. मी बिब्बा आत्याबाईंच्याच हातात परत ठेवला, मामांना सांगितलं नाही.

रविवारी भाचा आला, चहा झाला. मामांनी कुत्र्याला टोपलीत ठेवलं. आत्याबाई आतून आल्या, पदराखालचा हात काढला आणि फोड आलेली बोटं मामांच्या पुढं धरली. दुसऱ्या हातात बिब्बा होता.

"खरूज न्हाई ही. बिब्बा उतलाय. म्या बांधला व्हता."

आता आभाळ कोसळणार, असं मला वाटलं. मामांनी टोपली बाजूला सारली आणि ती बोटं जवळून बघितली.

"तवापून हेच मनात धरून बसलीस व्हय?"

"व्हय."

"मला बोलायचं व्हतं."

"बोलले असते तर बांधू दिला असता?"

"न्हाई," मामा म्हणाले.

भाच्याला त्यांनी रिकाम्या हातानं वाटेला लावलं. बिब्बा परसात खोल पुरला. मग मला म्हणाले, "पोरी, खोबरं आण." ते त्यांनी स्वतः चावलं, आणि आत्याबाईंना पायरीवर बसवून एकेका बोटाला लावलं. मी कुत्र्याची टोपली उचलून आत गेले.

मान भरून आली, केस आले. पट्टा काढूनच आंघोळ घालायची असं ठरलं. एकदा विंचरताना त्याच्या डाव्या कानामागं, केसांच्या मुळाशी, काजळाची तीट दिसली. आत्याबाईंचं काम, म्हटलं. घरच्या काजळानं कातडीला काही होत नव्हतं, मी काही बोलले नाही. नंतर दर रविवारी ती तिथं ताजी असायची.

पुढं आत्याबाई बहिणीकडं मंठाळला राहायला गेल्या. नवरा कामावर, घरात मी आणि मामा दोघंच. रविवारी मी कुत्र्याला दगडावर घेतलं आणि कान उलटा केला. तीट होती. सवय नसलेल्या हातानं लावल्यासारखी मोठी, वेडीवाकडी आणि इतकी ओली की माझ्या बोटाला आली. मामा बाजेवर पेपर वाचत होते. त्यांनी धरला होता तिथं पेपरच्या कडेला काळं बोट उठलं होतं.

मी कान दुमडून धरला आणि पाणी बाजूनं सोडलं.