आधी समोरच्याची बाजू

उजवा तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचा, "थांब. पयले माहं म्हणणं तू सांग, मंग तुहं."

रिसोडला माझं बियाण्याचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर हा भाजी पिकवणारा गडी बसायचा. वाद कसलाही असो, नियम हाच. वांग्याचा भाव पाडायला आलेल्या एका जीपवाल्याला त्याने वांगं पिकवायची मेहनत वर्णन करायला लावली. बिचारा स्वतःच्याच भाषणाने विरघळला आणि पुरा भाव मोजून टोपली उचलून गेला!

अणुवीज म्हटली की मात्र त्याच्या अंगात यायचं. "माह्या चुलीची राख मी वावरात टाकतो. त्यायच्या भट्टीची राख हजारो वर्षं कोण सांभाळन?"

आणि मंडळी, त्याच्या इंजिनियर लेकीला नोकरी कुठे लागावी? अणुवीज केंद्रात!

"तुमी हो म्हटल्याबिगर जात नाही," ती पायरीवर येऊन म्हणाली. आमचा चहा निवला. बापाने तळवा धरला. तिने त्याची बाजू मांडली: ती राख, किनाऱ्यावरची उठवलेली गावं, एका चुकीची किंमत. इतकी झकास, की त्याचे हात टाळीसाठी उठले आणि तसेच राहिले.

"आता माही सांगा, बाबा."

"तुले वाटते, पक्की नोकरी हाय..."

"नाही."

"कोळशाच्या धुरापेक्षा बरं..."

"ते खरं. पण मी त्याच्यासाठी नाही जात."

तो ताडकन उठून गेला. पुढच्या बाजारालाही फिरकला नाही. रुजू व्हायची तारीख जवळ आली, तसा एका सकाळी लेकीला घेऊन हजर झाला. आम्हा सगळ्यांना साक्षीला बसवलं.

"तुलेबी भेव वाटते. ज्याले भेवच नाही, त्याच्या हाती ती भट्टी देऊ नये, हे तुहं म्हणणं. म्हणून चालली तू."

तिने होकाराची मान हलवली.

"मंग जाय. पण माहं मत तेच हाय, ध्यानात ठेव."

पुढे तिने त्याला आपल्याकडे नेलं. आता तो केंद्राच्या वसाहतीत क्वार्टरमागे भेंडी लावतो आणि इंजिनियर लोकांशी भांडतो. माझी पायरी सुनी झाली. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "थांब, पोरगी आली ड्युटीवरून." फोन बंद करायचं विसरला. मी ऐकत राहिलो.

"सारं नीट?"

"हो, बाबा."

"पुन्हा पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग बस, जेव."