जांभळावरचं दगडफूल

आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरसमोर जांभळांची रांग आहे. पार्किंगकडे जाताना मी रोज त्यांच्या सालींवरून नजर फिरवते. वनस्पतिशास्त्र शिकून जन्मभर फायली सरकवल्या, की असल्या सवयी लागतात. मी दगडफूल शोधत असे. मसाल्यातलं, किंवा त्याचं एखादं भावंड. त्याला मुळं नसतात. ते हवेवर जगतं, हवेत असेल ते मुकाट पितं, आणि फार झालं की मरतं. दिल्लीत बारा वर्षं मला सालीवर धूळच सापडली.

मग एका पावसाळ्यानंतर तिसऱ्या झाडावर रुपयाएवढा राखाडी-हिरवट ठिपका दिसला. भिंग आणून पाहिलं, आणि मला चक्क रडू आलं. नवरा म्हणाला, "चलो, गोड्या मसाल्याची सोय झाली."

"खा की. दिल्लीची अख्खी हवा पोटात जाईल," मी म्हटलं.

चारच दिवसांत मुकादम गेरू-चुन्याच्या बादल्या घेऊन हजर. वरचे साहेब पाहणीला येणार होते, आणि पाहणी म्हटली की कॉलनीतल्या प्रत्येक झाडाला कमरेपर्यंत रंग. ठिपका नेमका गुडघ्याच्या उंचीवर. मी खूप विनवलं.

"मॅडम, ये तो बीमारी है," तो म्हणाला. "खुरच के चूना मार देंगे, बिल्कुल ठीक हो जाएगा."

तेव्हा कुठे मला अक्कल आली. बावीस वर्षं सरकारी नोकरी काय उगाच केली? घरी जाऊन हिंदीत अर्ज लिहिला: तिसऱ्या झाडाला रंग लावण्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आहे काय? असल्यास प्रत द्यावी. विनंतीचा एक शब्द नाही. विनंती फेटाळता येते. लेखी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरावर सही करायला कुणी धजावत नाही. कॉलनीच्या ऑफिसातून अर्जाच्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतली आणि ती प्रत मुकादमाच्या हातात ठेवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि बादली चौथ्या झाडाकडे नेली.

पाहणीच्या सकाळी मी मुद्दाम फाटकाशी उभी होते. साहेब थांबले. लाल-पांढऱ्या रांगेत एकच झाड कोरं.

"इसको क्यों छोड़ा?"

मुकादम ताठ झाला. "सर, इस पेड़ की फाइल चल रही है."

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि झाडापासून जरा अंतर राखून ते पुढे गेले.

दोन वर्षं झाली, अर्जाचं उत्तर आलेलं नाही, आणि येऊही नये. त्या झाडावर आता तीन ठिपके आहेत. प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता इतका आनंद मला रोज पार्किंगपर्यंत जाताना होतो.