शाळेत जाणारी शेळी आणि आमची आत्या

आमची आत्या काल गेली, आणि तासाभरात घरच्यांनी तिला अडाणी करून टाकलं.

फॅमिली ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज: "फारशा शिकलेल्या नसल्या तरी संस्कारी होत्या."
खाली जोडलेल्या हातांची रांग.

कालपासून घरात येरझाऱ्या घालतोय. तीनदा रिप्लाय लिहिला, तीनदा डिलीट केला. म्हणून इथे.

शाळेपुढच्या बागेतली शेळी बुरहानपूरकरांना माहीत आहे. मागच्या पायांवर उभी, पुढच्या दोन पायांत पाटी.
इंग्रजांच्या काळात मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकात ही शाळेत जाणारी शेळी होती. हेडमास्तरांना ती इतकी आवडली, की त्यांनी तिचा पुतळाच करवून घेतला.

केला लोधीपुऱ्यातल्या माझ्या आजोबांनी. एरवी ते गणपती करायचे.

शेळीच्या हाती पाटी देणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीला मात्र घरात ठेवलं होतं. आठ वर्षांची आत्या रोज शाळेसाठी मागे लागायची. आजोबा म्हणायचे, तिथे जाऊन तू काय करशील?

पण त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. मूर्तींचे डोळे आत्याच काढायची.
आणि आमच्याकडे डोळे सगळ्यात शेवटी, मूर्ती जागेवर बसली की मगच. शेळीलाही तोच नियम.

अनावरणाच्या सकाळी आत्याने एक डोळा काढला आणि कुंचला खाली ठेवला.

"पहिले माझं नाव लिव्हा शाळेत. मंग दुसरा."

आजोबा दातओठ खात हळूच म्हणाले, "घरी चल, मंग पाहतो तुले."

"चला ना घरी. शेळी राहू द्या काणी."

अनावरणाला येणाऱ्या इंग्रज साहेबाची मोटार फाटकाशी आलेली. (आत्या कधी मोटार सांगायची, कधी घोडा. साहेब मात्र दर वेळी घामाघूम.) हेडमास्तरांनी घाईघाईने रजिस्टर बागेतच मागवलं आणि नाव लिहिलं.
आत्याला वाचता येत नव्हतं. तिने त्यांना ते मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा.
मग दुसरा डोळा.

चौथीपर्यंत शिकली. लग्न होऊन धूलकोटला गेली. तिथे गल्लीभरच्या बायकांची माहेरची पत्रं तीच वाचायची, उत्तरंही तीच लिहायची, सासवांच्या तक्रारींसकट.
मला जोडाक्षरं तिनेच शिकवली. कान धरून.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात ऑपरेशनचा फॉर्म आला.
नर्सला म्हणालो, थकलीय ती, अंगठा घेऊन टाका.
हो, मीच म्हणालो. चुलतभावाला कोणत्या तोंडाने बोलू?

नर्सने शाईचं पॅड पुढे केलं. आत्याने हात चादरीखाली घेतला.

"पेन दे, बाई."

पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या आणि नवऱ्याच्या, दोन्ही घरांचं. एकेक अक्षर सावकाश. नर्स थांबली, डॉक्टर थांबले. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

आत्या, चुकलो.
सुखाने जा.