लेकीच्या हातावरची मेंदी

आजचा प्रकार डोक्यातून जातच नाही.

घटस्फोटानंतर कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणे माझी आठ वर्षांची लेक शनिवार-रविवार केनवडला बापाकडं असते. आज त्यानं वाशीमच्या स्टँडवर तिला माझ्याकडं सोपवलं. ती हात धुवायला म्हणून नळावर गेली. बराच वेळ आली नाही, जाऊन पाहते तर दगडानं तळहात घासत होती. कातडी सोलली होती.

"काहून घासून राह्यली वं?"

"आत्याच्या लग्नातली मेंदी हाय. तुले राग येईन."

तिच्यासमोर मी तिकडच्यांबद्दल एकही वाईट शब्द काढत नाही, याचा मला केवढा अभिमान होता.

घरी आल्यावर विचारलं, "आत्या कशी दिसत होती?"

तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाह्यलं. मग म्हणाली, "मी नाई पाह्यली."

बायांनो, काय दिसलं असेल तिला माझ्या तोंडावर?