बाबा खामगावले, काका कॅनडात

नवऱ्याकडे जायचा व्हिसा लागला की काळज्या संपतात, असं मला वाटायचं. माझ्या तिथून सुरू झाल्या. व्हिसा लागल्याच्या रात्री अख्खं घर घोरत होतं आणि मी पंख्याकडं बघत एकच विचार करत होते: कॅनडात उतरल्यावर काउंटरवरच्या साहेबानं आमच्या चार वर्षांच्या इराला विचारलं, "तुझे बाबा कुठं आहेत?" तर ती काय सांगेल?

ती काय सांगेल ते मला माहीत होतं. "बाबा खामगावले हायेत."

त्याचं असं आहे. आमचं घर एकत्र. माझे मोठे दीर प्रमोदभाऊजी. त्यांची दोन्ही मुलं त्यांना बाबा म्हणतात आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, काका. इरा बोलायला शिकली ती या दोघांच्या मागे फिरत. त्यामुळं तिचेही भाऊजी 'बाबा' आणि निखिल 'काका'. आमच्याकडं अशी पोरं घरोघर सापडतात, कोणी मनावर घेत नाही. पण इतरांचे असे 'काका' संध्याकाळी घरी येतात. आमचे, इरा दीड वर्षाची असताना गेले ते मोबाइलमध्येच राहिले.

सकाळी मी ही काळजी आमच्या ग्रुपवर टाकली. ग्रुप म्हणजे तिघीच: मी, मलकापूरची रेश्मा आणि वडनेर भोलजीची वैशाली. खामगावात इंग्रजीच्या क्लासला ओळख झाली. तिघींचे नवरे कॅनडात, तिघींच्या फायली अडकलेल्या. व्हिसा लागल्यावर पुढं काय करायचं याची माहिती जमवायला ग्रुप काढला होता. माहिती थोडी जमली, किस्से भरपूर.

*

पहिला किस्सा माझ्याच घरातला. व्हिसा लागून पासपोर्ट परत आले, ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढं ठेवले. इथवर ठीक होतं. मग त्यांनी माझा पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडला आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं.

मी स्वयंपाकघरातून अशी धावले की दूध उतू गेलं. म्हटलं, आत्याबाई, त्या पानावर डाग पडला तर व्हिसा बाद धरतील.

त्यांचं बोट तसंच हवेत. एकदा पासपोर्टकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"लग्नाचाच व्हिसा हाय ना थो? मंग कुंकवानं कसा बाद होते?"

माझ्याकडं एम.ए.ची डिग्री आहे. मी नुसता पासपोर्ट मिटवला. ते बोट शेवटी माझ्या कपाळाला लागलं.

*

रेश्माचा नवरा जिथं राहतो तिथं थंडी उणे तीसच्या खाली जाते. नवऱ्यानं सांगितलं होतं, जॅकेट इथंच आल्यावर घेऊ. पण ती पडली हुशार, तिला वाटलं मलकापुरात स्वस्त मिळेल. गेली ऐन मे महिन्यात. दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकत एक जाड जॅकेट काढलं. कूलरसमोर उभं राहून रेश्मानं ते घातलं आणि घामानं भिजत विचारलं, उणे तीसमध्ये चालेल ना?

दुकानदार म्हणे, "ताई, आजपर्यंत तक्रार घेऊन कोणीच वापस आलं नाही."

रेश्मानं घेतलं. तेच घालून ती जाणार आहे, आणि तक्रार असली तरी वापस येणार नाही, असं म्हणते.

*

तिघींत पहिली गेली वैशाली. विमानात तेवीस किलोची एक बॅग. कुरडया, सांडगे, तिखट, भरताची वांगी (मी सांगून पाहिलं, भाजी-फळं नेऊ देत नाहीत, तेव्हा कुठं वांगी निघाली). घरच्या काट्यावर तिच्या वडिलांचा भरवसा नव्हता. ते दरवर्षी कापूस-तूर विकतात, त्यांचा भरवसा अडतीवरच्या काट्यावर. बॅग नेऊन तिथं चढवली. मापाऱ्यानं बघून हाक दिली, बरोबर तेवीस. सगळे खूश.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मॅडमच्या काट्यावर तीच बॅग पंचवीस भरली.

वैशालीनं बाहेर थांबलेल्या वडिलांना घाबरून फोन लावला. त्यांनी मापाऱ्याला लावला. मापारी शांत. तो म्हणाला, काटा बरोबरच होता, त्यानं नेहमीसारखं पोत्याचं वजन कापून सांगितलं होतं. बॅगेचं पोतं जरा जड होतं म्हणून दोन किलो कापले.

वडिलांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोरीला पुन्हा फोन केला. "घाबरू नको. त्या मॅडमले सांग, बारदान वजा करा म्हणा. बॅग काय खायाची हाय?"

मॅडमनी बारदान वजा केलं नाही. दोन किलो कुरडया वडनेरला परत आल्या.

*

वैशाली पोचल्यावर मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? थंडीचं नाही, घराचं नाही. काउंटरवर काय विचारतात ते विचारलं. ती म्हणाली, काही नाही गं, कागद पाहिले, तिथं कायम राहायचं कार्ड कोणत्या पत्त्यावर पाठवायचं ते विचारलं, वेलकम म्हणाले. पुढं नोकरीसाठी एक नंबर काढायचा, मग दवाखान्याचं कार्ड, मग बँक. सगळे कागद हातातल्या पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत टाकू नको.

मी म्हटलं, ते झालं, पण मुलांना काय विचारतात?

"मले पोरगंच नाही, बाई. तुह्यासाठी दुसऱ्याचं मागून आणू?"

*

माझी काळजी घरात कळली, मग भाऊजींनीच इराची तयारी हातात घेतली. निखिलचा फोटो मोठा करून आणला, भिंतीला लावला. रोज दुकानातून आल्यावर इराला समोर उभं करायचे. हे कोण? बाबा. शाब्बास. एक चॉकलेट. इराचं उत्तर कधीच चुकलं नाही. चॉकलेट तोंडात टाकायची, भाऊजींचं बोट धरायची आणि म्हणायची, "चला बाबा, गाडीवर चक्कर मारू."

भाऊजींनी यावर उपाय काढला. आता बाबा म्हटलं की ओ द्यायची नाही. घरात सगळ्यांना तशी ताकीद.

दुसऱ्याच दिवशी ते फाटकाशी गाडी पुसत होते. इरा ओट्यावरून हाक मारते, बाबा. भाऊजी गाडीच पुसतात. बाबा! एकच आरसा पुसून पुसून झिजवला त्यांनी, मान वळवली नाही. मी दारात उभी. हे सगळं माझ्या त्या एका रात्रीच्या विचारापायी चाललेलं. इरा ओट्याच्या कडेशी आली. मग कमरेवर हात ठेवून, हुबेहूब आपल्या आजीच्या आवाजात ओरडली,

"पमोद्या! बहिरा झाला काय बे?"

भाऊजी वळले. शिकवणी तिथं संपली.

*

निखिल आम्हाला न्यायला येणार होता. मुंबईची गाडी मलकापूरला सकाळी येते. आम्ही जीप करून गेलो: मी, इरा आणि भाऊजी. फलाटावर पोचताच भाऊजी म्हणाले, "मी तिकडं थांबतो. मी जवळ असलो तं ती त्याच्याकडं जायाची नाही." आणि ते चहाच्या टपरीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. चहा घेतला नाही.

गाडी आली. निखिल उतरला. फोनवर दिसतो त्यापेक्षा बारीक झालेला, दाढी वाढलेली. त्यानं बॅगा खाली ठेवल्या आणि इरासमोर उकिडवा बसला. हात पुढं केले नाहीत. घाबरला होता, मला कळत होतं. अडीच वर्षं रोज फोनवर तिच्याशी बोलणारा माणूस, त्यानं हळूच विचारलं,

"इरा, मी कोण, सांग बरं?"

माझी बोटं तिच्या मुठीत होती. टपरीपाशी भाऊजींनी मान किंचित वळवली. इरानं निखिलला नीट पाहिलं. बूट पाहिले, दाढी पाहिली. मग माझी बोटं सोडून ती एक पाऊल पुढं गेली आणि त्याच्या कानाशी वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं,

"तुले मालूम नाही?"