ज्वारीच्या अक्षता आणि आमची लिफ्ट

मला एका जागी उभं राहता येत नाही. हा स्वभाव नाही, सराव आहे. वयाच्या नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत माझ्या पायांखाली आठ चाकं होती, आणि चाकांवर जो थांबला तो पडला. त्यामुळे अजूनही मी चहा ओट्याभोवती फिरत पिते. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, सगळ्यांना सांगतात, "आमच्या सुनंच्या पायाला भिंगरी हाय."

माझं माहेर नगरचं. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, आम्ही जोडीच्या स्केटिंगच्या स्पर्धा खेळायचो. गाण्याच्या तालावर दोघांनी मिळून फिरायचं आणि मध्येच त्याने मला डोक्याच्या वर उचलून गरगरा फिरवायचं. या उचलण्याला लिफ्ट म्हणतात. भावाबरोबरच का, तर वडिलांनी बजावलं होतं, "माझ्या पोरीला परक्याने उचललेलं चालणार नाही." राज्य पातळीवर आमचा तिसरा नंबर आला होता. (जोड्या तीनच होत्या. हे मी सहसा सांगत नाही.)

मग लग्न होऊन मी तिसगावला आले, दादा सुप्याच्या कारखान्यात लागला आणि चाकं माळ्यावर गेली. सहा वर्षं मी गुमान काढली. पण सासऱ्यांनी आपल्या मंगल कार्यालयात नवी गुळगुळीत फरशी बसवली आणि माझे पाय शिवशिवायला लागले.

"मामा," मी सासऱ्यांना म्हणाले, "लग्नं नसतील तेव्हा सकाळी हॉल मला द्या. मी पोरांना स्केटिंग शिकवते."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पेंडवाला गोण्या ठिवायला मागतोय हॉल. गोण्या पडल्या तर हाडं मोडत न्हाईत."

"एकदा बघा तरी."

"बरं. रविवारी लोकांला दाखव. धा पोरांची नावं आली तर हॉल तुझा. न्हाईतर पेंड."

मी लगेच दादाला फोन लावला.

"अगं, मी आता नव्वद किलोचा झालोय," तो म्हणाला.

"उचलायचं मला आहे, तुला नाही."

"तू किती झालीस?"

मी फोन ठेवून दिला.

तो आठवडा मी घरात नुसती येरझारा घालत होते. हा हॉल गेला तर चाकं पुन्हा माळ्यावर, आणि या वेळी कायमची, हे मला ठाऊक होतं. त्यातच एका दुपारी ज्वारी निवडता निवडता आत्यांनी विचारलं, "लोकांनी काय करायचं आसतं गं? नुस्तं बघत बसायचं?"

"छे! स्पर्धेत लोक आमच्यावर फुलं टाकायचे," मी ठोकून दिलं. (टाकतात. टीव्हीवर, परदेशात, दुसऱ्यांवर. आमच्या अंगावर कधी पाकळीसुद्धा पडली नव्हती.)

"कवा टाकायची?"

"लिफ्ट झाली की!" असं म्हणून मी परसात निघूनही गेले. आणखी अर्धं मिनिट उभी राहिले असते तर 'आम्ही थांबल्यावर' एवढं तरी सांगून झालं असतं.

रविवारी हॉल गच्च भरला. मंगल कार्यालयात जायचं म्हणून निम्म्या बायका काठापदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. मामा माइक धरून बसले. दारात आत्या ताट घेऊन प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवत होत्या. खडीसाखर असेल, असं मला वाटलं.

गाणं लागलं. पहिले दोन फेरे छान झाले. दादाची धाप गाण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येत होती, तेवढंच. मग त्याने दात-ओठ खात मला उचललं. सहा वर्षांनी मी पुन्हा वर होते आणि मला इतका आनंद झाला की डोळे मिटावेसे वाटले. मिटले नाहीत, म्हणून दिसलं: सगळ्या हॉलचे हात वर झाले होते.

आणि चहूकडून ज्वारी आली. लाल-पिवळी, लग्नात टाकतात ती. एवढ्या लोकांना पुरतील इतकी फुलं तिसगावात कुठली मिळायला, म्हणून आत्यांनी कार्यालयातल्या अक्षता वाटल्या होत्या.

"अगं, ज्वारी!"

"थांब ना!"

"चाकाखाली दाणे आलेत, थांबू कसा?"

दादा मला डोक्यावर घेऊन सरळ स्टेजकडे निघाला. स्टेजच्या पायरीला तो अडकला, मी सुटले आणि थेट नवरीच्या खुर्चीत जाऊन बसले. लग्नात एका मुठीत कुणाच्या अक्षता संपत नाहीत. नवरीच्या खुर्चीत बाई बसलेली दिसताच लोकांनी सवयीने उरलेल्या अक्षताही टाकल्या. त्या माऱ्यात खुर्ची माझ्यासकट मागे उलटली.

तेवढ्यात मामांचा आवाज आला, माइकवरून: "पेंडवाल्याला फोन लाव रं."

मला खरंच रडू आलं. तरी उठले. पायांत चाकं होती, उभं राहता येईना, म्हणून रडत रडतच स्टेजवर एक फेरा मारला.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "पोरी, लई जोरात पडली. लागलं न्हाई व्हय?"

"लागलं की."

"मंग उठली कशी?"

"आजी, आम्हाला आधी पडायलाच शिकवतात. मान आत घ्यायची, अंग सैल सोडायचं."

आजींनी शेजारच्या नातीला पुढे ढकललं. "ही रोज झाडावून पडती. हिचं नाव लिव्हा. पडतीच हाय, तर नीट तरी पडंल."

मग मागून एकेक नाव येत गेलं. दहाव्या नावानंतर मामांनी माइक बंद केला आणि पेंडवाल्याला स्वतः नाही म्हणून कळवलं. दादा खाली फरशीवर पाय चोळत बसला होता; तो म्हणाला, "आता मी कायमचा सुप्याला."

तेव्हापासून मी कोच आहे. म्हणजे रोज सकाळी आधी हॉल झाडते, मग शिट्टी वाजवते. गेल्या महिन्यात पोरांचा पहिला कार्यक्रम झाला. फरशी मी तीनदा झाडली होती आणि आत्यांना रिकाम्या हातांनी पहिल्या रांगेत बसवलं होतं. पोरांनी सगळं नीट केलं, एकही पडलं नाही. शेवटी त्याच आजींनी नातीच्या वेणीतलं शेवंतीचं फूल काढून माझ्याकडे टाकलं.

माझ्या कारकिर्दीतलं पहिलं फूल! मी साध्या चपलांवर धावत गेले, आणि तीनदा झाडूनही एक दाणा राहिला होता.

फूल हातात आलं, पण तोवर मी आडवी झाले होते. आत्या जागच्या हलल्या नाहीत. शेजारणीला म्हणाल्या, "बरं झालं. एका जागी दिसली एकदाची."