मापवह्यांवरचा पहारा

टेलरमास्तरांचा माणसांवर विश्वास नव्हता आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. जो माणूस पंचेचाळीस वर्षं पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्यांची मापं घेतो, त्याने विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाई दुकानात येऊन "मास्तर, तुमच्या जुन्या मापवह्या हव्यात," म्हणाल्या, तेव्हा मास्तर आधी कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"कशाला?"

"गल्लीचा इतिहास जमवतोय आम्ही पाच-सहा जण. दर गुरुवारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. जुनी पत्रं, पाट्या, वह्या. स्कॅन करून भिंतीवर लावायचं, मूळ परत द्यायचं."

"यात तुम्हाला काय मिळतं?"

"काहीच नाही."

इथेच कुठेतरी पाणी मुरतंय, अशी मास्तरांची खात्री पटली.

वह्या एकवीस होत्या. त्यात अख्खी गल्ली इंचांत मांडलेली. कोणाची कंबर वर्षाला दोन इंच पसरली, कोणत्या रुबाबदार साहेबाच्या खांद्यांत निम्मा कापूस होता, सगळं तारखेनिशी. एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, हा मास्तरांचा नेम. या वह्या भिंतीवर झळकल्या, तर उभ्या जन्माची पत एका गुरुवारात उसवली असती.

"द्या की," बायको म्हणाली. "वाळवी खातेच आहे, तिला कुठे अडवता?"

"वाळवी वाचून दाखवत नाही."

शेवटी अटी ठरल्या. एका वेळी एकच वही, प्रत्येक नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि शेजारी स्वतः मास्तर. पहिल्या गुरुवारी ते स्कॅनच्या यंत्राला खेटून बसले. चहा आला, तर आधी दुसरं कोणी पितंय का ते बघून मग प्यायले. बाकीचे मुकाट्याने पानं उलटत होते. नर्सबाई मात्र प्रत्येक पट्टीपाशी रेंगाळायच्या. मास्तरांनी ते मनात टाचून ठेवलं.

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी नखाने एक पट्टी हळूच उचलली. मास्तरांचा पंजा वहीवर पडला.

"कोणाचं माप हवंय?"

बाईंनी नख मागे घेतलं.

"वडिलांचं," बाई म्हणाल्या. "मी दीड वर्षाची असताना गेले. होते ते फोटो घर बदलताना पेटीसकट हरवले. आई सांगायची, त्यांचा कोट तुम्ही शिवला होता."

"मग सरळ विचारायचं."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं दिलं."

वही काखोटीला मारून ते घरी गेले. संशय खरा निघाला होता, तरी जेवण गोड लागेना. बाईंच्या वडिलांचं पान त्यांना दहाव्या वहीत सापडलं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वहीबरोबर खाकी कागदाची गुंडाळी आणली. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, सगळं त्या मापाने बेतून कापलेलं. टाचण्यांनी जोडून त्यांनी तो कागदाचा कोट भिंतीवर, मापावरून निघणाऱ्या खांद्याच्या उंचीवर टांगला.

"आकडा सांगणार नाही, नेम आहे. माणूस बघून घ्या."

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी कोटाच्या खांद्याला आपला खांदा लावला.

"एवढेच होते? आई तर म्हणायची, घरात शिरताना वाकायचे."

मास्तरांचे डोळे बारीक झाले. आपलं माप चुकणं शक्य नाही. म्हणजे उरली आई, नाहीतर दार.

"ते घर आहे अजून?"

"आहे. गल्लीच्या टोकाला."

"मग दार मोजून येतो. इतिहास लिहायचा आणि ऐकीव गोष्टींवर विसंबायचं, हे बरोबर नाही. तोवर वहीकडे लक्ष ठेवा."

असं म्हणून वही बाईंच्या हातात देऊन ते निघाले. खिडकीपाशी पोचल्यावर मात्र त्यांनी टाचा उंचावून आत डोकावून बघितलंच.